वेडंवाकडं अक्षर नेमकं वापरायचं कसं? हाताने काढल्यासारख्या फॉन्टची निवड आणि वापर

हाताने काढल्यासारखा दिसणारा एखादा गमतीदार फॉन्ट उघडा आणि त्यात 'वाचनाचा वसा' एवढे दोनच शब्द टाइप करा. पहिल्या नजरेत मजा वाटते. कुठे दंड किंचित कललेला, कुठे शाईचा थेंब साचल्यासारखं टोक, कुठे पोट उगाचच फुगलेलं. मग नजर दुसऱ्या 'च'वर जाते. तोच कल, तोच थेंब, त्याच जागी. हाताने कुणी शंभर 'च' काढले तरी दोन तंतोतंत सारखे येत नाहीत, आणि इथे दुसऱ्याच 'च'ला चोरी पकडली गेली.

बरीच वर्षं मुखपृष्ठं आणि पोस्टरं करताना अशा फॉन्टबद्दल मला जे कळलं, ते या जुळ्या अक्षरांपाशी सुरू होतं. कोणता फॉन्ट घ्यायचा, किती शब्दांना वापरायचा, कुठे थांबायचं, यांतले बहुतेक निर्णय त्या दुसऱ्या 'च'कडे पाहूनच घेता येतात.

आधी एक फरक समजून घ्या

लेटरिंग आणि फॉन्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेटरिंग म्हणजे ठरावीक शब्दांचं चित्र. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं आठवा. ती अक्षरं त्या नाटकापुरती जन्मली. त्यांतलं एखादं अक्षर उचलून दुसऱ्या शब्दात बसवायचं हा हेतूच नव्हता. फॉन्टमधल्या अक्षराला मात्र कोणाही शेजाऱ्याबरोबर नांदावं लागतं. म्हणून फॉन्ट करणारा कलाकार कितीही लहरी असला तरी त्याला आपली लहर आवरती घ्यावी लागते. चांगल्या विक्षिप्त फॉन्टमध्ये ही आवरती घेतलेली लहर दिसते. वाईट फॉन्टमध्ये सुटी सुटी लेटरिंग एका फाइलमध्ये कोंबलेली असतात.

या अडचणीवर लोकांनी नामी युक्त्या काढल्या आहेत. रॉजर एक्सकोफों या फ्रेंच कलाकाराने १९५३ मध्ये 'मिस्ट्राल' हा फॉन्ट घडवला, तो स्वतःच्या हस्ताक्षरावरून. तेव्हा अक्षरं धातूची, सुटी ओतलेली. तरीही एका अक्षराची रेघ जिथे संपते तिथेच पुढच्याची सुरू होईल अशी बेतल्यामुळे छापलेला शब्द सलग लिहिल्यासारखा दिसतो. पुढे १९८९ मध्ये युस्ट फान रोसम आणि एरिक फान ब्लोकलांड या दोघा डचांनी 'बेओवोल्फ' केला. त्यात अक्षराच्या कडेचे बिंदू छपाईच्या वेळी यादृच्छिक सरकत, त्यामुळे एकच अक्षर दर वेळी निराळं उमटे. दुसऱ्या 'च'वरचा इतका थेट इलाज नंतर क्वचितच कुणी केला असेल.

पायरी १: अक्षर कशाने काढलंय ते ओळखा

फॉन्ट निवडताना नावाकडे किंवा नमुन्याच्या रंगीत चित्राकडे पाहू नका. काळ्या रंगात, मोठ्या आकारात दहा-बारा अक्षरं टाइप करा आणि विचारा, हे कशाने काढलंय? मार्करने काढलेल्या रेघेची जाडी जवळपास एकसारखी असते आणि टोकं गोल असतात. ब्रशच्या रेघेत दाब देताना जाडी वाढते, उचलताना निमुळती होते. कागद कापून केलेल्या अक्षरांच्या कडा सरळ आणि कोपरे टोकदार असतात. पेन्सिल किंवा खडू असेल तर कडेला खर दिसते.

आता सगळ्या अक्षरांत तेच हत्यार दिसतंय का ते तपासा. 'क' ब्रशचा आणि 'ळ' मार्करचा असेल, किंवा मूळ अक्षरं ब्रशची पण आकडे आणि विरामचिन्हं कुठल्या तरी यांत्रिक फॉन्टमधून आणल्यासारखी असतील, तर तो फॉन्ट अर्धवट सोडलेला आहे. प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हं आणि आकडे आवर्जून पाहा, कारण कंटाळा तिथेच केला जातो.

देवनागरीत आणखी एक गोष्ट बघायची असते. बोरूच्या टोकाचा छाट लॅटिन लिपीच्या रुंद निबापेक्षा निराळा असतो, त्यामुळे जाड-बारीकपणाही वेगळ्या दिशेने पडतो. लॅटिन अक्षरं आधी काढून त्याच हाताने देवनागरी उरकलेली असेल, तर ती नीटनेटकी असूनही परकी वाटते. मला हे कारण कळायला बराच वेळ लागला. तोवर मी नुसतंच 'काहीतरी चुकतंय' म्हणत असे.

पायरी २: विक्षिप्तपणा कुठे बसलाय ते शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा रेंगाळू.

'वाचनाचा वसा' पुन्हा घ्या आणि त्यातले उभे दंड मोजा. व, काना, च, न, काना, च, काना. मग व, स, काना. दोन शब्दांत दहा दंड. मराठीत काना, आणि काना असल्यासारखाच दंड असलेली अक्षरं, इतक्या वेळा येतात की दंड हा मजकुरातला सर्वांत जास्त पुनरावृत्त होणारा आकार ठरतो. कलाकाराने आपली सगळी गंमत दंडात भरली, म्हणजे दंड वाकडा केला, त्याला खाली शेपूट लावलं, मध्ये गाठ मारली, तर ती गंमत दोन शब्दांत दहा वेळा ओरडते. तिसऱ्या शब्दाला डोकं दुखायला लागतं.

याउलट दंड बराचसा शांत ठेवून लहर 'क'च्या पोटात, 'ज्ञ'च्या वळणात, 'ह'च्या शेपटात किंवा वेलांटीच्या कमानीत ठेवली असेल, तर ती अधूनमधून भेटते आणि ताजी राहते. म्हणून नमुना पाहताना 'कखग' बघू नका. 'समाचार', 'आपापला', 'वाचनाचा' असे काना-दंडांनी गच्च भरलेले शब्द टाइप करा. त्यांत फॉन्ट टिकला तर कुठेही टिकेल.

दुसरी चाचणी डोळे बारीक करून करायची. शब्दाकडे मिचमिच्या डोळ्यांनी पाहिल्यावर करडा रंग सारखा पसरलेला दिसतो की एखाद्या अक्षरापाशी काळा डाग पडतो? अक्षरं वर-खाली उडी मारत असली तरी काळेपणा समान राहायला हवा. नाचताना ताल सुटू नये, तसंच हे.

पायरी ३: शिरोरेषेची परीक्षा घ्या

हाताने शब्द लिहिताना बहुतेक जण शिरोरेषा शेवटी एका झटक्यात ओढतात. ती थोडी चढते, थोडी उतरते, शब्द संपला तरी जरा पुढे जाते. फॉन्टमध्ये मात्र शिरोरेषा प्रत्येक अक्षराला तुकड्यातुकड्याने मिळते आणि ते तुकडे जुळावे लागतात. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डाव्या आणि उजव्या कडेला रेषेची उंची आणि जाडी एकच हवी. रेषा हलवायची तर मधल्या भागातच हलवता येते. मिस्ट्रालच्या सांध्यांचाच हा प्रश्न, फक्त आपल्याकडे तो डोक्यावर आहे.

यातून सुटायला कलाकार तीन वाटा धरतात: रेषा शांत ठेवतात, मुद्दाम तुटक ठेवतात किंवा सरळ काढूनच टाकतात. तिन्ही चालतात. न चालणारी चौथी वाट म्हणजे रेषा जुळवायचा प्रयत्न आहे पण सांध्यावर पायरी पडलीय. शब्द ४००-५०० टक्के मोठा करून सांधे पाहा. वेलांटी आणि काना जिथे चिकटतात तिथे विशेष.

इथेच एक पथ्य सांगून ठेवतो. लॅटिन शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर वाढवून हवेशीर दिसवण्याची पद्धत आहे. शिरोरेषा असलेल्या देवनागरीत ते केलं की रेषेला दात पडल्यासारख्या फटी पडतात. अंतर शून्यावरच ठेवा. हवा हवीच असेल तर शब्दांमधली जागा वाढवा.

पायरी ४: मराठी शब्दांचा पेपर द्या

हे शब्द एका फाइलमध्ये कायमचे ठेवून द्या आणि प्रत्येक नव्या फॉन्टला तोच पेपर द्या: तऱ्हा, वाऱ्यावर, ॲनिमेशन, ऑफिस, मूर्तींना, विद्वान, श्रद्धा, ब्रह्म, षट्कोन, ज्ञानी, हृदय, रुमाल, रूप, लालबुंद, शाळा, स्त्रियांची, १२३४५६७८९०.

'तऱ्हा'मधला अर्धा र बऱ्याच फॉन्टमध्ये नसतोच. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, म्हणून त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडण्याची आशा कमी. 'मूर्तींना'मध्ये दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात. विक्षिप्त फॉन्टमध्ये तिथे हमखास गुंता होतो. 'विद्वान'मध्ये द आणि व जोडण्याऐवजी पाय मोडका 'द' दिसला तर जोडाक्षरं काढायचा कंटाळा केलाय असं समजा. 'स्त्रियांची'मधली ऱ्हस्व वेलांटी संपूर्ण जोडाक्षरावर पोचते की मध्येच लोंबकळते तेही बघा. चांगल्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक वेलांट्या असतात.

'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की योग्य वळण आपोआप येतं. म्हणून फॉन्टला नावं ठेवण्याआधी सॉफ्टवेअरमधली भाषा तपासा.

आणि एक सापळा. एखादं अक्षर फॉन्टमध्ये नसेल तर संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून ते आणतो. शब्द पूर्ण दिसतो, फक्त एक अक्षर पाहुणं असतं. घाईत ते नजरेतून सुटतं, छापून आल्यावर मात्र तेवढंच दिसतं.

जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीचे हाताने काढल्यासारखे फॉन्टही अजून फिरत असतात. त्यांत दिसतं देवनागरी, पण आत साठतात भलतीच अक्षरं. छापील शीर्षकाच्या आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून घेणार असाल तर हरकत नाही. वेबसाइट, ई-बुक किंवा शोधता येणारी पीडीएफ हवी असेल तर त्यांना हात लावू नका. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तिथे नुसती बडबड करतं.

पायरी ५: आवाज आणि प्रसंग जुळवा

'कॉमिक सॅन्स'ची गोष्ट इथे उपयोगी पडते. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या व्हिन्सेंट कॉनेअर यांनी एका प्रोग्रॅममध्ये कार्टूनमधला कुत्रा 'टाइम्स न्यू रोमन' या गंभीर वळणाच्या फॉन्टमध्ये बोलताना पाहिला. कुत्रा असं बोलणार नाही, म्हणून त्यांनी कॉमिकच्या फुग्यांतल्यासारखी अक्षरं काढली. विचार अगदी बरोबर होता. पुढे तोच फॉन्ट जगभरच्या असंख्य संगणकांवर पोचला आणि लोकांनी तो सूचनाफलकांपासून शोकसंदेशांपर्यंत कुठेही लावला. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या संस्थेत हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा शास्त्रज्ञ फाबिओला जानोती यांच्या स्लाइड कॉमिक सॅन्समध्ये होत्या. शोधाइतकीच त्या फॉन्टचीही चर्चा रंगली. विज्ञानाला त्याने काही बाधा आली नाही. पण वाचणाऱ्याचं लक्ष मजकुरावरून अक्षरावर गेलं, आणि विक्षिप्त फॉन्ट चुकीच्या जागी बसला की नेमकं हेच होतं.

माझी पद्धत अशी: शीर्षक मोठ्याने वाचायचं, आणि फॉन्टच्या चेहऱ्याकडे बघून तो हे वाक्य कोणत्या आवाजात म्हणेल ते ऐकायचं. डुलणारी, फुगीर अक्षरं लहान मुलांच्या पुस्तकाचं नाव, खेळाचं शीर्षक, पॉडकास्टचं चित्र, विनोदी कार्यक्रमाचं पोस्टर, वेष्टनावरचं नाव, स्टिकर अशा ठिकाणी घरच्यासारखी वागतात. खरबरीत, घाईघाईची ब्रशची अक्षरं निषेधाच्या फलकावर किंवा भयकथेच्या मुखपृष्ठावर शोभतात. औषधाच्या सूचना, धोक्याचे इशारे, अर्ज, करारपत्र, दुखवट्याचा मजकूर यांत असले कोणतेच फॉन्ट नकोत.

एक मोह टाळा. शब्दाचा अर्थ अक्षरात पुन्हा सांगू नका. 'भूत' शब्दाला रक्त ठिबकणारी अक्षरं दिली की भीती जाते आणि करमणूक उरते. अर्थाच्या शेजारी बसणारा, पण त्याचा पाढा न वाचणारा फॉन्ट जास्त काम करतो.

पायरी ६: थोडे शब्द, मोठा आकार

हे शीर्षकाचे फॉन्ट आहेत. सात-आठ शब्दांच्या वर गेलं की जुळी अक्षरं वाढतात आणि हाताचा भास मोडतो. छापील कामात २४ पॉइंटच्या खाली मी त्यांना सहसा उतरवत नाही. लहान आकारात कडेची खर नुसती घाण वाटते आणि बारीक फटी बुजतात. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेच्या 'मोदक'सारख्या गुबगुबीत फॉन्टमध्ये अक्षरांच्या आतली पोकळी केसासारख्या रेघेएवढीच उरते. तीच त्याची गंमत आहे, आणि लहान आकारात तीच आधी बुजते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं छापणार असाल तर आणखी मोठा आकार घ्या, कारण शाई चहूबाजूंनी आत शिरते.

हाताचाच भास असलेला पण परिच्छेदभर वाचता येईल असा फॉन्ट हवा असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'कलम'सारखा सौम्य हस्ताक्षरी फॉन्ट घ्या. विक्षिप्त फॉन्ट लहान करून तो प्रश्न सुटत नाही.

दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या मात्रा-रफार एकमेकांवर आदळतात. सगळ्या ओळींना सरसकट जागा वाढवण्याआधी ओळ दुसऱ्या शब्दापाशी तोडून पाहा. बऱ्याचदा तेवढ्याने 'र्की'च्या डोक्यावरून 'कू'चा पाय निघून जातो आणि दोन ओळी छान जवळ राहतात.

पायरी ७: जुळी मोडा

आता त्या दुसऱ्या 'च'चा बंदोबस्त करू.

लॅटिन लिपीच्या कॉमिक फॉन्टमध्ये एक जुनी, साधी युक्ती असते. सगळी अक्षरं कॅपिटलच, पण कॅपिटलच्या कळीवर एक रूप आणि स्मॉलच्या कळीवर दुसरं. टाइप करणारा आळीपाळीने कळा दाबतो. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने ही सोय नाही. आपल्याला ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या प्रकारातल्या पर्यायी अक्षरांवर अवलंबून राहावं लागतं.

फॉन्टच्या वर्णनात 'पर्यायी रूपं' किंवा 'स्टायलिस्टिक सेट' आहेत का ते पाहा. असतील तर इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनच्या ग्लिफ पॅनेलमध्ये जाऊन दुसऱ्या 'च'ला वेगळं रूप द्या. काही फॉन्टमध्ये संदर्भानुसार रूप आपोआप बदलण्याची सोय असते. ब्राउझरमध्ये ती सहसा आपणहून चालते, वर्डमध्ये मात्र फॉन्टच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत जाऊन चालू करावी लागते. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडाक्षरंच फुटत असतील तर आधी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडा. फॉन्टला दोष देण्याआधी हे एकदा बघाच.

पर्याय नसतील तर हातानेच काम करावं लागतं. शब्द पक्का झाला की त्याच्या आउटलाइन करा. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'ऑब्जेक्ट टू पाथ' ही आज्ञा आहे. मग जुळ्यांपैकी एकालाच हात लावा: एखाद-दोन अंश कलवा, पोटाचा एक बिंदू किंचित बाहेर ओढा, टोकाचा थेंब पुसून टाका. शिरोरेषेला मात्र धक्का लावू नका, नाहीतर सांधे सुटतील. दोन-तीन अक्षरांत एवढं केलं की पूर्ण शीर्षक हाताने काढल्यासारखं वाटू लागतं. सगळीच अक्षरं ढवळलीत तर फॉन्टकाराने राखलेला ताल जातो. शेवटी अक्षरांचे सुटे तुकडे 'युनाइट' करून एक आकार करा. नाहीतर बाहेरची रेघ किंवा पारदर्शकता दिली की प्रत्येक सांध्यावर शिवण दिसते.

सोबती

विक्षिप्त शीर्षकाखाली शांत मजकूर. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी यांपैकी काहीही चालेल. पहिल्याच्या जोडीला दुसरा विक्षिप्त फॉन्ट आणलात तर दोघेही एकाच वेळी बोलू लागतात.

परवाना आणि फाइल

हाताने काढल्यासारख्या मोफत फॉन्टपैकी बरेचसे केवळ वैयक्तिक वापरासाठी मोफत असतात. परवान्याची फाइल उघडून वाचा. छपाई, वेबसाइट आणि ॲप यांचे परवाने अनेकदा वेगवेगळे असतात, आणि लोगोबद्दल कधी स्वतंत्र अट असते. फॉन्ट 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली असेल तर व्यावसायिक कामात वापरायला, बदलायला आणि इतरांना द्यायला मोकळीक आहे. फक्त फॉन्ट एकटा, सुटा विकता येत नाही, आणि मूळ नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला ते देता येत नाही.

वेबसाइटसाठी फाइल हलकी करताना फक्त लागणारी अक्षरं ठेवायची पद्धत आहे. देवनागरीत हे जपून करा. जोडाक्षरांच्या आकारांना स्वतःचा युनिकोड क्रमांक नसतो, त्यामुळे नुसत्या क्रमांकांवरून छाटणी करणारं साधन ते आकार फेकून देतं आणि 'श्रद्धा' पाय मोडून पडते.

कटिंग मशीनवर व्हिनाइल कापायचं असेल किंवा भरतकाम करायचं असेल तर खरबरीत कडांचे फॉन्ट टाळा. एकेका अक्षरात हजारभर बिंदू असतात आणि मशीन प्रत्येक बिंदूवर अडखळत जातं. गुळगुळीत कडांचा मार्करी फॉन्ट तिथे सुखाचा.

आणि आउटलाइन करण्याआधीची, टाइप केलेल्या मजकुराची एक प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा. मी एका मुखपृष्ठाचं शीर्षक अर्धा दिवस खपून एकेक अक्षर कलवून तयार केलं होतं. छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी विचारलं, "यातली वेलांटी दीर्घ हवी ना?" हवी होती. मूळ प्रत मी ठेवली नव्हती.